तेरा की पंधरा

भाची तेव्हा पाचवीत होती. शिष्यवृत्तीच्या सरावसंचातली प्रश्नपत्रिका घेऊन ती समोर बसली आणि एका प्रश्नावर बोट ठेवलं. २, ३, ५, ७, ११, पुढे प्रश्नचिन्ह. पर्याय १२, १३, १५, १७. तिनं १५ला गोल केला होता. मागच्या उत्तरसूचीत १३ छापलं होतं.

“मामा, माझं काय चुकलं?”

मी मूळ संख्यांवर व्याख्यान सुरू करणार, तेवढ्यात तिनं स्वतःचं गणित सांगितलं. दोनातून तीनवर जायला एक, तीनातून पाचवर दोन, पाचातून सातवर दोन, सातातून अकरावर चार. “दोन दोनदा आला. चार एकदाच आलाय, म्हणजे तोही अजून एकदा येणार. अकरा आणि चार पंधरा.”

मी पेन खाली ठेवलं. तिच्या युक्तिवादात बोट ठेवायला जागा नव्हती. ‘मूळ संख्या’ हे उत्तर मला माहीत होतं, कारण ते मला कुणीतरी आधी शिकवलं होतं. समोरच्या पाच आकड्यांत ते कुठंही लिहिलेलं नव्हतं. उत्तरसूचीला कारण द्यावं लागत नाही, मामाला द्यावं लागतं.

संख्यामालिकेचा प्रश्न आपल्याकडे कुणाला चुकलेला नाही. शिष्यवृत्ती, नवोदय, पोलीस भरती, तलाठी, बँक, राज्यसेवेचा सी-सॅट, सगळीकडे तो हजर. मी काही वर्षं एका क्लासमध्ये बुद्धिमत्ता चाचणी शिकवायचो, त्यामुळे त्याची ठरलेली पायरी मला पाठ आहे. आधी फरक काढा. फरक सारखे नसतील तर फरकांचे फरक काढा. जमत नसेल तर भागून बघा. मग वर्ग आणि घन, एक कमी किंवा एक जास्त धरून. तरीही अडलं तर एकाआड एक पद घ्या, दोन मालिका एकमेकींत गुंफलेल्या असतील. ६, ११, २१, ३६, ५६ म्हटलं की ८१. ०, ७, २६, ६३, १२४ म्हटलं की प्रत्येक घनातून एक गेलेला, म्हणून २१५. ३, २०, ६, १७, ९, १४ म्हटलं की एक चढती आणि एक उतरती, म्हणून १२. अभ्यासिकेत बसणारी मुलं हे सगळं वीस-वीस सेकंदांत करतात.

हे कौशल्य खोटं नाही, पण ते नेमकं कशाचं कौशल्य आहे याबद्दल मला क्लासमध्ये असतानाच शंका यायला लागली होती. मुलं सुधारत होती ती पेपर काढणाऱ्याचं मन ओळखण्यात. कोणता नियम तो ‘काढण्याजोगा’ समजेल, चुकीचे पर्याय तो कसे टाकेल, याचा त्यांना वास यायचा. चाचणीचा हा प्रकार जुना आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकेनं लाखो सैनिकांना ‘आर्मी अल्फा’ नावाच्या चाचणीला बसवलं, त्यात मालिका पूर्ण करण्याचा एक वेगळा भागच होता. तेव्हापासून ‘पुढची संख्या सांग’ म्हणजे ‘हुशारी दाखव’ हे समीकरण रुळलं ते कायमचं.

आता जरा वाकड्यात शिरू. २, ४, ६, ८ यापुढे ३४ येतं. नियम असा: पद कितवं आहे ती संख्या घ्या आणि तिची दुप्पट करा. मग त्याच क्रमांकातून १, २, ३ आणि ४ वेगवेगळे वजा करून येणाऱ्या चार संख्यांचा गुणाकार त्या दुपटीत मिळवा. पहिल्या चारही पदांना या गुणाकारात कुठंतरी शून्य येतं, म्हणून तो गप्प बसतो आणि २, ४, ६, ८ निमूट उमटतात. पाचव्या पदाला गुणाकार होतो ४ × ३ × २ × १, म्हणजे २४. दहात चोवीस मिळवा, ३४. गुणाकार निम्मा केला तर २२ येईल, हजारपट केला तर २४,०१०. तुमचा मोबाइल नंबरसुद्धा पाचवं पद म्हणून बसवता येतो. फक्त गुणाकाराला कोणत्या संख्येनं गुणायचं तेवढं काढा. दिलेल्या कितीही आकड्यांतून जाणारी बहुपदी बांधता येते. ही कृती लाग्रांजच्या नावानं शिकवली जाते. त्यानं ती १७९५ साली मांडली, पण एडवर्ड वॅरिंगनं १७७९ मध्येच छापली होती.

म्हणजे काटेकोर बोलायचं तर ‘पुढची संख्या कोणती?’ या प्रश्नाचं उत्तर ‘कोणतीही’ असं आहे. गणिताच्या प्राध्यापकांना हे सांगायला फार आवडतं, आणि सांगून झाल्यावर ते चहाला जातात. मला मात्र खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो असं वाटतं. सगळे नियम चालत असतील, तर ३४ ऐकल्यावर आपल्याला हसू का येतं?

पटकन म्हणावंसं वाटतं, कारण तो नियम ओढूनताणून आणलेला आहे. ठीक. मग कंपास काढा आणि एक वर्तुळ आखा. परिघावर दोन बिंदू घेऊन जोडले की वर्तुळाचे २ भाग होतात. तीन बिंदू एकमेकांना जोडले की ४. चार बिंदूंना ८, पाच बिंदूंना १६. एकच बिंदू असेल तर अख्खं वर्तुळ, म्हणजे १. तर १, २, ४, ८, १६. सहावा बिंदू घ्या, तीन जीवा एकाच ठिकाणी छेदणार नाहीत एवढी काळजी घ्या, आणि भाग मोजा. ३१ भरतात. पहिल्यांदा मोजलं तेव्हा एक भाग निसटला असेल समजून मी रंगीत पेन्सिली घेऊन पुन्हा बसलो होतो. ३१च. सात बिंदूंना ५७, आठांना ९९, नवांना १६३. गंमत म्हणजे दहा बिंदूंना पुन्हा बरोबर २५६ येतात. दुपटीच्या रस्त्यावरून कधीच उतरलेली मालिका मध्येच जुन्या ओळखीचं तोंड दाखवून जाते.

हा लिओ मोझरच्या नावानं ओळखला जाणारा प्रश्न आहे आणि यात ओढूनताणून काहीच नाही. आणखी एक करून बघा. १, २, ४, ८, १६ यांचे फरक काढा, फरकांचे फरक, त्यांचे फरक आणि पुन्हा त्यांचे. शेवटच्या ओळीत एकटा १ उरतो. तो तसाच कायम राहील असं धरून उलट वर चढत या. ३१ मिळतं. म्हणजे क्लासमध्ये शिकवलेली फरकांची युक्ती निमूटपणे वापरणारा मुलगा वर्तुळाचं खरं उत्तर देईल, आणि ‘अहो, दुप्पट आहे की!’ म्हणणारा हुशार मुलगा चुकेल.

लहान संख्या फसवतात, कारण त्या मोजक्याच आहेत आणि त्यांना कामं फार. त्याच पाच-सहा आकड्यांना शेकडो वेगवेगळ्या मालिकांच्या सुरुवातीला उभं राहावं लागतं. रिचर्ड गाय यांनी १९८८ साली एका लेखात याला ‘लहान संख्यांचा बलवान नियम’ असं गमतीदार नाव दिलं आणि उदाहरणांची रासच ओतली. मोठी माणसंही यात अडकली आहेत. ३, ५, १७, २५७, ६५५३७ या पाचही मूळ संख्या आहेत हे पाहून फर्मानं मानलं की या पद्धतीनं बनणाऱ्या सगळ्याच मूळ असणार. पुढची ४,२९,४९,६७,२९७. ऑयलरनं १७३२ मध्ये तिला ६४१ने भाग जातो हे दाखवलं. त्यानंतर त्या मालिकेत एकही नवी मूळ संख्या आजतागायत सापडलेली नाही.

पण या फसवणुकीचं माझं सर्वांत लाडकं उदाहरण देवळालीचं आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) मूळचे डहाणूचे. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ मास्तरकी केली आणि उरलेला वेळ आकड्यांशी खेळण्यात घालवला. ६१७४ मुळे त्यांचं नाव जगभर झालं. मला त्यांच्या स्वयंभू संख्या जास्त आवडतात. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २३ मध्ये २ आणि ३ मिळवले की २८, म्हणजे २३ ही २८ची जननी. काही संख्यांना मात्र अशी जननी नसते. १, ३, ५, ७, ९ या त्यातल्या. मग येतात २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७, १०८. ही नऊ पदं परीक्षेत द्या. फरक सरसकट ११. डोळे मिटून ११९ लिहाल आणि पुढच्या प्रश्नावर जाल.

११९ला आई आहे. १०९ मध्ये १, ० आणि ९ मिळवा. त्यामुळे ती यादीतून बाद, आणि १०८ नंतरची स्वयंभू संख्या ११०. तिथून पुन्हा अकराची रांग लागते: १२१, १३२, करत करत २०९. मग २२० नाही, २११. शंभरी ओलांडली की संख्येचा पुढचा अंक एकनं वाढतो, तिथे रांगेला ठेच लागते. नियम मोडला असं आपण म्हणतो, पण स्वयंभू संख्यांनी काहीच मोडलेलं नाही. अकराचा नियम त्यांचा नव्हताच, तो आपण त्यांच्या अंगावर घातला होता.

कापरेकरांच्याच डेमलो संख्यांचं बघा. त्यांना नाव मिळालं ते रेल्वेच्या एका स्टेशनवरून, आजच्या डोंबिवलीवरून. १, ११, १११ असे नुसते एकचे अंक घेऊन वर्ग करा: १, १२१, १२३२१, १२३४३२१. नऊ एकांपर्यंत चढण आणि उतार नीट जमतो, १२३४५६७८९८७६५४३२१. दहा एकांचा वर्ग येतो १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या शिखरावर दहा आला, त्याचा एक हातचा शेजारी गेला आणि आठ गायब. इथे दोष दशमान पद्धतीचा. आपण बारा अंकांत मोजत असतो तर दहा एकांनाही शिखर जमलं असतं.

एवढ्या ठेचा लागूनही आपण तपासत का नाही? लंडनमध्ये पीटर वेसन यांनी १९६० साली एक साधा प्रयोग छापला. विद्यार्थ्यांना सांगायचं की माझ्या मनात तीन संख्यांचा एक नियम आहे आणि २, ४, ६ हे त्रिकूट त्यात बसतं. तुम्ही हवी तेवढी त्रिकुटं सांगा, मी बसतं की नाही एवढंच सांगेन. खात्री झाली की नियम सांगा. पोरं ८, १०, १२ विचारायची. हो. २०, २२, २४. हो. मग छातीठोकपणे, ‘दोन-दोननं वाढणाऱ्या’. चूक. नियम होता, चढत्या क्रमानं कोणत्याही तीन संख्या. २९ जणांपैकी पहिल्या फटक्यात बरोबर आले ते ६. आपला अंदाज खोटा पडेल असं एखादं त्रिकूट, ६, ४, २ किंवा ३, १७, ९०, विचारायचं बहुतेकांच्या मनातच आलं नाही. हा प्रयोग मी क्लासमध्ये चार-पाच बॅचवर करून पाहिला आहे. स्पर्धा परीक्षांत मुरलेली मुलं जास्त जोरात आपटतात, कारण त्यांना ‘हो’ ऐकलं की पुढच्या प्रश्नाकडे पळायची सवय असते.

तत्त्वज्ञांनी तर या प्रश्नावर डेराच टाकला. विट्गेनश्टाइनच्या मृत्यूनंतर १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात एक विद्यार्थी आहे. त्याला ‘दोन मिळवत जा’ सांगितलं आहे. हजारापर्यंत तो नीट जातो, मग लिहितो १००४, १००८, १०१२. ओरडलं तर तो म्हणतो, मी तेच करतोय की जे आधी करत होतो. त्याला ‘तेच’ म्हणजे काय हे कसं समजावणार? जे उदाहरण द्याल ते हजाराच्या अलीकडचंच असेल. नेल्सन गुडमननं १९५५ मध्ये रंगांची अशीच पंचाईत मांडली, आणि क्रिप्कीनं १९८२ मध्ये साध्या बेरजेवरच संशय घेतला. हे सगळं वाचताना मजा येते, पण एका मर्यादेनंतर मला ते गल्लीच्या तोंडाशी उभं राहून ‘पुढे रस्ता आहे याला पुरावा काय?’ म्हणण्यासारखं वाटतं. चार पावलं चालून बघावं की.

चार पावलं चालण्याचा एक प्रयत्न संगणकवाल्यांनी केला. रे सोलोमोनॉफ १९६४ मध्ये आणि आंद्रे कोल्मोगोरोव्ह १९६५ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, साधारण इथे पोचले: मालिका छापणारा जो संगणकाचा प्रोग्रॅम सर्वांत आखूड, तो नियम धरा. ३४ला हसू का येतं याचं इथे पहिल्यांदा ठोस उत्तर मिळतं. त्याचा नियम सांगायला जास्त शब्द लागतात. उत्तर देखणं आहे, पण त्याला दोन खोडे आहेत. पहिला असा की सर्वांत आखूड प्रोग्रॅम दर वेळी शोधून देईल अशी कृती असूच शकत नाही, हे सिद्ध झालेलं आहे. दुसरा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आखूड म्हणजे कोणत्या भाषेत आखूड?

१, ११, २१, १२११, १११२२१. फरक काढा, भागा, वर्ग करा, काही हाती लागणार नाही. आता मोठ्यानं वाचा. पहिल्या पदात काय आहे? एक एक. लिहा ११. त्यात काय आहे? दोन एक. लिहा २१. त्यात? एक दोन, एक एक. १२११. गणित कच्चं असलेला मुलगा हे चटकन ओळखतो आणि अभियंता डोकं धरून बसतो. जॉन कॉनवेला ही मालिका कोड्यासारखी भेटली. त्यानं ती उचलली आणि १९८६ मध्ये दाखवलं की पदांची लांबी सरासरीनं दर वेळी १.३०३५ पटीच्या आसपास वाढत जाते, आणि तो गुणक ७१व्या घाताच्या एका बहुपदीतून येतो. वाचायला बालवाडी, सोडवायला पीएचडी. बोलीत हा नियम एका ओळीत मावतो, सूत्रांच्या भाषेत मावता मावत नाही.

म्हणून मला आखूडपणापेक्षा एक वेगळीच गोष्ट विचारावीशी वाटते. हे आकडे आले कुठून? वर्तुळ समोर असताना ३१बद्दल कुणाचं दुमत होत नाही. भांडण लागतं ते वर्तुळ लपवून नुसते आकडे पुढे ढकलले की.

जुने लोक आकडे असे पोरके सोडत नव्हते. नारायण पंडितांच्या १३५६ सालच्या ‘गणितकौमुदी’त एक गाय आहे. ती दरवर्षी एक कालवड देते, आणि प्रत्येक कालवड चौथ्या वर्षापासून स्वतः दरवर्षी एक देऊ लागते. वीस वर्षांत एकूण किती? गोठ्यातली संख्या १, २, ३, ४, ६, ९, १३, १९ अशी वाढते. नुसते आकडे दिले तर राज्यसेवेचा उमेदवारही घाम पुसेल. गाय दिली तर शेतकरी सांगेल: यंदा गोठ्यात आहेत तेवढ्या गुरांत, दोन वर्षांपूर्वी जेवढी होती तेवढ्या नव्या कालवडी मिळवा. १९ मध्ये ९ मिळवून २८. वीस वर्षांनी २७४५.

छंदशास्त्राचंही तेच. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. पादाकुलकाच्या अर्ध्या चरणात आठ मात्रा असतात. त्या लघु-गुरूंच्या किती मांडण्यांनी भरता येतील? शेवटचं अक्षर लघु असेल तर आधीच्या सात मात्रांची जेवढी रूपं तेवढी, गुरू असेल तर सहांची जेवढी तेवढी. म्हणून २१ अधिक १३, चौतीस. १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४ ही मालिका विरहांकाला माहीत होती. हेमचंद्रानं बाराव्या शतकाच्या मध्याला ती मांडली, आणि फिबोनाचीचं सशांचं पुस्तक आलं १२०२ मध्ये. कोण आधी यावर आपल्याकडे फार छाती फुगवली जाते. मला त्यात विशेष वाटतं ते वेगळंच. हेमचंद्राकडे ‘मागची दोन पदं मिळवा’ हा नियम आकड्यांकडे टक लावून मिळालेला नाही. ओळीच्या शेवटच्या अक्षराकडे पाहून मिळालेला आहे, आणि म्हणून तो शंभराव्या मात्रेलाही मोडणार नाही.

आणि आर्यभट. ४९९ सालच्या ग्रंथात अर्धज्यांचे फरक त्यानं एका श्लोकात कोंबले आहेत: २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१०. क्लासचा विद्यार्थी लगेच म्हणेल, १, २, ३, ४, ५नं कमी होतंय, पुढे २०४. आर्यभट म्हणतो २०५. मग १९९, १९१, १८३, असं उतरत उतरत चोविसावा फरक ७. त्याच्यासमोर वर्तुळ होतं, ३४३८ कलांची त्रिज्या होती, आणि वर्तुळाला परीक्षार्थ्याच्या सोयीशी काही देणंघेणं नव्हतं.

पण दर वेळी गाय किंवा वर्तुळ समोर नसतं. विज्ञानात तर उलटंच, आकडे हातात येतात आणि त्यांचा गोठा शोधायचा असतो. तिथे दोन मालिका शेजारी ठेवून बघाव्यात.

पहिली ग्रहांची. ०, ३, ६, १२, २४, ४८, ९६ घ्या आणि प्रत्येकात ४ मिळवा. ४, ७, १०, १६, २८, ५२, १००. सूर्यापासून पृथ्वीचं अंतर १० धरलं तर बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी यांची अंतरं जवळपास हीच येतात. फक्त २८ची जागा रिकामी. टिटियसनं हे १७६६ मध्ये मांडलं, बोडेनं १७७२ पासून गाजवलं. १७८१ मध्ये हर्शेलला युरेनस सापडला. नियमानं १९६ हवा, निघाला १९२. मग १ जानेवारी १८०१ला पियात्सीला सिरीस दिसला, नेमका २८च्या रिकाम्या जागी, २७.७वर. एखाद्या नियमाला याहून चांगली प्रशस्ती काय मिळणार! नेपच्यूनच्या शोधात लव्हेरिए आणि अ‍ॅडम्स या दोघांनीही गणिताच्या सुरुवातीला अंतर गृहीत धरलं ते याच नियमाच्या आधारानं. १८४६ मध्ये ग्रह सापडला. नियमानं अंतर ३८८ हवं होतं, निघालं ३०१. ज्याला शोधायला नियम वापरला त्यानंच नियमाची वाट लावली. खरं तर कुंडली सुरुवातीलाच बघायला हवी होती: ३च्या निम्मे दीड होतात, शून्य नाही. बुधासाठी पहिल्याच पदाला फिरकी दिलेली होती.

दुसरी मालिका हायड्रोजनच्या प्रकाशातल्या चार रेषांची. तरंगलांबी अँगस्ट्रॉममध्ये ६५६२.१, ४८६०.७, ४३४०.१, ४१०१.२. बाझेलच्या मुलींच्या शाळेत शिकवणारे योहान बाल्मर १८८५ मध्ये साठीला आलेले होते, आणि आकड्यांचा नाद कापरेकरांइतकाच. त्यांनी ३६४५.६ ही संख्या हुडकली. तिनं भागलं की चार रेषांना मिळतं ९/५, ४/३, २५/२१, ९/८. इथपर्यंत कुणीही चिकाटीनं पोचला असता. बाल्मरांनी दुसऱ्या आणि चौथ्या अपूर्णांकाला वर-खाली चारनं गुणलं. ९/५, १६/१२, २५/२१, ३६/३२. आता अंश बघा: तीन, चार, पाच, सहाचे वर्ग. छेद बघा: प्रत्येक अंशातून चार वजा. शाळेत ज्याला आपण ‘संक्षिप्त रूप द्या’ म्हणतो ते उलटं केलं आणि नियम उघडा पडला. पाचवी रेषा त्यांनी ४९/४५वरून काढली, ३९६९.६च्या आसपास. बाझेल विद्यापीठातल्या हागेनबाख यांनी त्यांना सांगितलं की ती आणि पुढच्याही काही रेषा ताऱ्यांच्या प्रकाशात आधीच मोजलेल्या आहेत. पडताळल्या तर जुळल्या. १९१३ मध्ये नील्स बोर यांनी अणूची रचना मांडली तेव्हा कळलं की ते वर्ग आणि तो चार कुठून येतात. चार म्हणजे दोनाचा वर्ग, इलेक्ट्रॉन दुसऱ्या कक्षेत येऊन उतरतो त्याची खूण.

१८४५ मध्ये कुणी विचारलं असतं तर बोडेचा नियम बाल्मरांच्या पुढे आलेल्या नियमाइतकाच दणकट वाटला असता, कदाचित जास्तच. दोन्ही शाळकरी अंकगणित, दोन्हींनी न पाहिलेलं पद बरोबर सांगितलं. फरक पडला तो इतकाच की एकीच्या मागे शेवटी गोठा सापडला आणि दुसरीच्या मागे अजून तरी कुणाला सापडलेला नाही.

आकड्यांचा गोठा शोधायचं एक ठिकाण आता आहे. नील स्लोन १९६४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात संशोधन करत असताना ०, १, ८, ७८, ९४४ अशा मालिकेशी झगडत होते. वृक्षाच्या आकाराच्या जाळ्यांची उंची मोजताना ती आली होती. कोणत्याच पुस्तकात पत्ता लागेना, म्हणून त्यांनी दिसेल ती मालिका छिद्रांच्या कार्डांवर नोंदवायला सुरुवात केली. १९७३ मध्ये पुस्तक निघालं तेव्हा २३७२ मालिका होत्या. १९९५च्या आवृत्तीत साडेपाच हजारांच्या आसपास. पुढच्याच वर्षी संग्रह इंटरनेटवर गेला आणि आज त्यात साडेतीन लाखांहून अधिक मालिका आहेत, प्रत्येकीला नंबर, प्रत्येकीची जन्मकथा. मूळ संख्या ए ००००४०, फिबोनाची ए ००००४५. संशोधक आपले पाच-सहा आकडे तिथे टाकतात, आणि झाडं मोजणाऱ्याला कळतं की हेच आकडे रसायनशास्त्रात कुणीतरी तीस वर्षांपूर्वी मोजले होते. तिथे ‘बरोबर उत्तर’ मिळत नाही. उमेदवारांची यादी मिळते आणि प्रत्येकाचा दाखला मिळतो.

त्या रात्री भाची झोपल्यावर मी २, ३, ५, ७, ११ तिथे टाकलं. शेकडो मालिका आल्या. वरच मूळ संख्या, पुढे १३. थोडं खाली २, ३, ५, ७, ११, १५, २२, ३०. मी कपाळावर हात मारला. ही तर विभाजनांची मालिका, हार्डी आणि रामानुजन यांनी १९१८ मध्ये जिच्यासाठी प्रसिद्ध सूत्र दिलं तीच. मॅकमहॉननं हातानं काढलेली दोनशेपर्यंतची यादी बघताना रामानुजनला दिसलं होतं की ५, ३०, १३५, ४९० अशी दर पाचवी संख्या पाचच्या पाढ्यात येते. आणि या मालिकेतलं ११ नंतरचं पद पंधराच. भाचीचा नियम मात्र विभाजनांचा नव्हता. चारचा फरक दोनदा येतो हे तिचं खरं निघालं, पण पुढचा फरक ७ आहे, आणि तो तिच्या दुपटीत कुठंच बसत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वाटीभर शेंगदाणे घेऊन तिला बोलावलं. दोन दाण्यांचे ढीग किती प्रकारे? एकत्र, नाहीतर एक-एक. दोन. तीन दाण्यांचे तीन. चारांचे पाच, तिनं पटापट लावले. पाचांचे सात, सहांचे अकरा. अकरावर ती थबकली आणि माझ्याकडे बघून हसली. मग सात दाणे मोजून घेतले आणि फरशीवर पालथी पडली. चौदा झाले. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा चौदा. स्वयंपाकघरातून तिची आई म्हणाली, “चौदा तर चौदा, उठा आता.” ती उठली नाही. तीन, दोन, दोन हा ढीग राहिला होता, तो तिला दहा मिनिटांनी दिसला.

आठ दाण्यांच्या वेळी एकोणिसापर्यंत पोचलो. मग दाणे कमी पडायला लागले, कारण मोजून झालेले ढीग ती खात होती.